शक्ती कुठे असते?

विजेवर चालणारी गोल्फ कार्ट सपाट रस्त्यावर बिनतक्रार धावते आणि चढ लागला की मान टाकते. वेग पडतो, मोटर गुरगुरते, कधी गाडी मध्येच थांबते. उभ्या गाडीच्या बॅटऱ्यांना मल्टिमीटर लावला, तर पूर्ण चार्ज झालेला ४८ व्होल्टचा संच ५० च्या वर आकडा दाखवतो. म्हणजे मीटरच्या मते सगळे ठीक असते आणि गाडी तर लोड घेत नसते. अशा वेळी ‘बॅटरीत दम उरला नाही’ हे निदान सहज केले जाते. या वाक्यात तत्त्वज्ञानातला एक दावा दडलेला आहे: सामर्थ्य ही वस्तूच्या आत राहणारी वेगळी गोष्ट आहे; ती असेपर्यंत काम होते, ती गेली की थांबते. भारतीय दर्शनांत या दाव्यावर तो मानणारे मीमांसक आणि तो नाकारणारे नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अनुयायी, यांच्यात दीर्घ वाद झाला. त्या वादात नैयायिकांची बाजू खरी होती आणि चढावर अडलेली गाडी ती बाजू चांगली उलगडून दाखवते, असे मला वाटते.

मीमांसकांचा युक्तिवाद भक्कम होता. अग्नी जाळतो, पण विशिष्ट मणी जवळ ठेवला, तर तोच अग्नी जाळत नाही, असे त्या काळी मानले जाई. अग्नीच्या रूपात काहीच बदल दिसत नाही, तरी दाह थांबतो. तेव्हा डोळ्यांना न दिसणारे असे काहीतरी अग्नीत होते आणि मण्यामुळे ते नाहीसे झाले, असे मानल्यावाचून गत्यंतर नाही. त्या ‘काहीतरी’ला त्यांनी शक्ती म्हटले, प्रभाकराच्या अनुयायांनी तर तिला स्वतंत्र पदार्थाचा दर्जा दिला. दहाव्या शतकातल्या उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त हे मत खोडून काढले आणि पुढे गंगेशाने ‘तत्त्वचिंतामणी’त तो वाद आणखी सूक्ष्म केला. त्यांचे उत्तर असे, की दाहाला अग्नी आणि सरपण लागते, तसा प्रतिबंधकाचा अभावही लागतो. मणी आला की कारणसामग्रीतला हा एक घटक कमी होतो, एवढेच. अग्नीतून काहीही निघून गेलेले नसते. अभाव हा कारण कसा होईल, या आक्षेपालाही त्यांच्याकडे उत्तर होते: घट फुटल्याने होणारा त्याचा अभाव आपण कार्य मानतो, तर अभावाला कारण मानायला कोणती आडकाठी आहे?

आता गाडीकडे पाहू. प्रवाशांसह तिचे वजन ५०० किलो धरले, तर सपाटीवर तिला पुढे नेण्यासाठी साधारण १०० न्यूटन बल पुरते. शंभर मीटरला दहा मीटर चढणाऱ्या रस्त्यावर गुरुत्वाकर्षणाचे आणखी ४९० न्यूटन त्यात मिळतात. मागणी सुमारे सहापट होते आणि मोटर त्याच प्रमाणात जास्त प्रवाह ओढू पाहते. समजा, एका टर्मिनलवर क्षार चढून त्या जोडाचा रोध ०.०५ ओहम झाला आहे. सपाटीवर २० अँपिअर वाहताना तिथे एक व्होल्ट खर्च होतो. कोणाच्या लक्षातही येत नाही. चढावर १२० अँपिअर वाहू लागले, की तोच जोड सहा व्होल्ट गिळतो आणि ७२० वॉट उष्णता निर्माण करतो. शिशाचे टर्मिनल वितळूही शकते. उभ्या गाडीत प्रवाहच नसल्यामुळे मीटरला यातले काहीच दिसत नाही. म्हणून जाणता मेकॅनिक गाडीवर लोड असताना प्रत्येक बॅटरीचा आणि प्रत्येक जोडाचा व्होल्टेज वेगळा मोजतो, ब्रेक घासतो आहे का, टायरमध्ये हवा कमी आहे का, सोलेनॉइडचे संपर्क जळले आहेत का, हे पाहतो. हा प्रतिबंधकांचा क्रमवार शोध आहे. शक्ती गेली असे मानणाऱ्याला मात्र शोधायला काही उरत नाही. तो सगळा संच बदलतो, आणि गंजलेला जोड तसाच राहिला, तर नवा संचही चढावर अडतो.

इथे न्यायमतालाही थोडे पुढे न्यावे लागते. उदाहरणातला मणी एक तर जवळ असतो किंवा नसतो. गंजलेला जोड सपाटीवरही असतो आणि चढावरही. पण अडवतो मात्र चढावर. म्हणजे प्रतिबंधकत्व वस्तूला कायमचे चिकटलेले नसते, ते अपेक्षित कार्याच्या मानाने ठरते. मला यात न्यायमताचा पराभव दिसत नाही. शक्ती जशी वस्तूत लपलेली नाही, तसा अडथळाही लपलेला नाही, हे त्यातून निघते. दोन्ही कार्याच्या संदर्भातच समजतात.

यावर कोणी म्हणेल, की बॅटऱ्या खरोखरच म्हाताऱ्या होतात. तिथे तरी शक्ती गेली म्हणावे. परंतु जुन्या लेड-ॲसिड बॅटरीत काय घडते ते सांगता येते: प्लेटांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि रासायनिक क्रियेला मिळणारा पृष्ठभाग घटतो. हायड्रोमीटरने एकेका सेलमधल्या ॲसिडची घनता पाहिली, तर कोणता सेल मागे पडला तेही कळते. ‘दम’ या शब्दाच्या जागी नाव घेता येईल असा दोष सापडला, की त्या शब्दाची गरजच संपते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. शक्ती नाहीच, तर शेडमध्ये उभ्या असलेल्या चांगल्या गाडीला चढ चढण्यास समर्थ कशाच्या आधारे म्हणायचे? नैयायिक इथे स्वरूपयोग्यता आणि फलोपधायकता असा भेद करतात. अरण्यात पडलेला दंडही कुंभाराच्या चाकासाठी योग्य असतो. घट मात्र चाक फिरवणाऱ्या दंडानेच घडतो. योग्यता ही वस्तूची घडण आहे, फळ हे सगळ्या सामग्रीचे आहे. उभ्या गाडीवर मीटरने मोजलेला आकडा पहिलीबद्दल थोडेफार सांगतो, दुसऱ्याबद्दल मौन पाळतो.

तिसरा आक्षेप खुद्द उदयनाचार्यांवर येतो. ज्यांनी अदृश्य शक्ती नाकारली, त्यांनीच अदृष्ट, म्हणजे कर्मांतून साठणारे न दिसणारे पाप-पुण्य, मानले. मग लाभ काय झाला? लाभ असा, की त्यांनी अदृष्ट वस्तूंमध्ये ठेवले नाही, ते आत्म्यात, म्हणजे कर्त्याच्या ठायी ठेवले. अग्नी का जाळत नाही याचे उत्तर अग्नीच्या भोवतीच्या सामग्रीत शोधायचे. नैतिक फळाचा प्रश्न मात्र कर्त्याच्या कर्माशी जोडायचा. अदृष्ट कोणाला मान्य होवो वा न होवो, दृश्य कारणे तपासण्याआधी अदृश्याचा आधार घेऊ नये, ही शिस्त मला मोलाची वाटते.

ही शिस्त माणसांच्या बाबतीत सर्वांत जास्त मोडली जाते. गणितात अडलेल्या मुलाबद्दल ‘त्याच्या डोक्यातच नाही’ म्हणतात, आजारातून हळूहळू उठणाऱ्या बाईबद्दल ‘तिच्यात जिद्द नाही’ म्हणतात. दोन्ही वाक्ये मीमांसकांच्या शक्तीसारखीच आहेत: आत काहीतरी हवे होते, ते नाही, विषय संपला. खरे तर सोपी गणिते सुटतात आणि अवघड अडतात, याचा अर्थ मागणी वाढल्यावर कोणता तरी अडथळा प्रभावी झाला आहे. नीट न दिसणारा फळा, इयत्ता चौथीत निसटलेले अपूर्णांक, रात्रीची अपुरी झोप, यांतला प्रत्येक तपासता येतो आणि बराचसा दूर करता येतो. माणसांच्या घडणीत फरक असतात, हे नाकारण्याचे कारण नाही. स्वरूपयोग्यता सर्वांची सारखी नसते. पण घडणीला दोष देण्याचा अधिकार अडथळे तपासून झाल्यावरच मिळतो. तोवर ‘त्याच्यात शक्ती नाही’ हे विधान निदान नसून तपासातून घेतलेली माघार आहे, आणि माणसाबद्दल ते केले, तर अन्यायही आहे.