निरुपयोगी म्हटलेला मासा



पोकेमॉन हे नाव ठाऊक नाही असे मूल आज सहसा सापडणार नाही. फेब्रुवारी १९९६ मध्ये जपानात हा खेळ निघाला. रानात, डोंगरात आणि पाण्यात राहणारे काल्पनिक प्राणी पकडायचे, त्यांना वाढवायचे आणि झुंजीला उतरवायचे, असे त्याचे स्वरूप. आपल्या देशात २००३ पासून कार्टून नेटवर्कवर त्याची मालिका दिसू लागली. तेव्हा दप्तर फेकून टीव्हीसमोर बसणारी मुले आज आईबाबा झाली आहेत. बेसा परिसरातील नव्या सोसायट्यांत घराचे हप्ते भरत आहेत. आणि त्यांची मुले मोबाइलवर तेच प्राणी गोळा करत आहेत.

या प्राण्यांची संख्या आता हजाराच्या वर गेली आहे. त्यांतील एका माशाविषयी आज थोडा विचार करू या. त्याचे नाव मॅजिकार्प. तांबडा रंग, पाठीवर पिवळा तुरा, लांब मिशा आणि कायम उघडे तोंड. तो कार्प जातीच्या माशावर बेतलेला आहे. आपल्या बाजारात मिळणारे रोहू आणि कतला याच कुळातले. खेळात मॅजिकार्पची ओळख सर्वांत दुबळा प्राणी अशी आहे. झुंजीत उतरवला तर सुरुवातीला तो फक्त पाण्याबाहेर आल्यासारखा तडफडतो, आणि पडद्यावर अक्षरे उमटतात की काहीच परिणाम झाला नाही. पहिल्याच खेळात एक विक्रेता हा मासा नवख्या खेळाडूच्या गळ्यात मारतो. खेळातल्या चलनात किंमत ५००, आणि विकलेला माल परत घेणार नाही!

पण हाच मासा धीराने वाढवत विसाव्या पातळीपर्यंत नेला, की त्याचा ग्याराडोस होतो. तो प्रचंड, निळा, सर्पासारखा आणि अत्यंत बलवान असतो. चीनमध्ये एक जुनी कथा आहे. पीत नदीच्या प्रवाहाविरुद्ध पोहत जाऊन जो कार्प ड्रॅगनच्या दरवाजावरून उडी मारेल, तो स्वतः ड्रॅगन होतो. मॅजिकार्प या कथेचा वारस आहे. विशेष म्हणजे चिनी लोक ही उपमा बादशाही नोकरीची परीक्षा पास होणाऱ्या उमेदवाराला देत असत. म्हणजे मासा आणि परीक्षा यांचे नाते बरेच जुने आहे.

यातून निघणारा बोध आपण मुलांना सहज सांगतो: कोणाला क्षुद्र लेखू नका, उद्या तो मोठा होईल. बोध चांगलाच आहे. पण त्यात एक अडचण आहे. आपण मॅजिकार्पला मान दिला तो ग्याराडोसच्या भरवशावर. समजा, तो कधीच बदलला नाही तर? जन्मभर तडफडणारा मासाच राहिला तर? मग त्याला क्षुद्र लेखायला आपण मोकळे झालो का?

हा प्रश्न आपल्या विदर्भातल्या तलावांतही विचारता येतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत शेकडो मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव आहेत. ढिवर समाज पिढ्यान्‌पिढ्या त्यांवर जगत आला. व्यापारी मत्स्यपालन आले, तेव्हा रोहू, कतला, मृगळ यांचे बीज सोडण्याची पद्धत रूढ झाली. शास्त्रोक्त पद्धतीत बीज सोडण्याआधी तळ्यातले नको असलेले मासे काढून टाकायचे असतात, आणि त्यासाठी मोहाची ढेप वापरतात. नको असलेले म्हणजे कोणते? जे बाजारात भाव आणत नाहीत ते. त्यांत मोला नावाचा बोटाएवढा मासाही येतो. पुढे बांगलादेशात अभ्यास झाला, तेव्हा कळले की डोक्याकाट्यासकट खाल्ल्या जाणाऱ्या या माशात अ जीवनसत्त्व भरपूर असते. गरीब घरातल्या लेकरांच्या डोळ्यांना तो मोठा आधार आहे. आता तेथे तो मुद्दाम कार्पबरोबर वाढवतात.

निरुपयोगी ठरवणाऱ्याचे मोजमापच कसे चुकू शकते, हे यावरून दिसते. तरीही मूळ प्रश्न सुटत नाही. कारण इथेही आपण उपयोग सापडल्यावरच त्या माशाला जागा दिली. माशाच्या बाबतीत हे एकवेळ चालेल. त्याला आपण खाण्यासाठीच पाळतो. माणसाच्या बाबतीत चालेल का? आपल्या लेकराच्या बाबतीत?

पोकेमॉनच्या कथाकारांनी या प्रश्नाचे दोन प्रसंग रंगवले आहेत. मालिकेत जेम्स नावाचा एक लबाड इसम तोच मॅजिकार्प विकत घेतो. तो झुंजीच्या कामाचा नाही आणि खाण्याच्याही नाही, हे कळताच जेम्स त्याला लाथ मारून समुद्रात उडवतो. त्याच क्षणी मासा ग्याराडोस होतो आणि त्याच्यावर उलटतो. शक्ती आली, पण ती अपमानातून आली.

दुसरा प्रसंग १९९९ च्या खेळातला. टीम रॉकेट नावाची टोळी रेडिओलहरी सोडून एका सरोवरातल्या मॅजिकार्पना वेळेआधीच मोठे व्हायला भाग पाडते. सरोवराच्या मध्यभागी एक ग्याराडोस थैमान घालत असतो. तो इतरांसारखा निळा नाही. मॅजिकार्पचा तांबडा रंग त्याच्या अंगावर तसाच राहिलेला आहे. शरीराने तो राक्षस झाला, पण आतले पिल्लू अजून पिल्लूच आहे. त्याला मोठे करणाऱ्यांना तो नको होता. त्यांना त्याची ताकद हवी होती.

आता आपल्या घरांकडे पाहू या. आपल्या रस्त्यांवरही शिकवणी वर्गांच्या पाट्या आहेत, आणि त्यांवर पहिल्या आलेल्यांचे फोटो. सातवी-आठवीपासून नीट आणि जेईईची तयारी सुरू होते. आईबाप हे प्रेमापोटीच करतात, यात शंका नाही. त्यांनी स्वतः हाल सोसलेले असतात. पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी स्वतःचे जीवन संपवले, आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता. प्रत्येकामागे कारण वेगळे असेल. सर्वांचा दोष परीक्षेवर टाकता येणार नाही. तरी ‘मी काही झालो नाही तर मी कोणाचाच नाही’ हा विचार एखाद्या मुलाच्या मनात कसा शिरला, हे प्रत्येक घराने स्वतःला विचारायला हवे.

कोणी म्हणेल, मग मुलांना मोकळे सोडायचे का? मेहनतीशिवाय काय मिळते? हा आक्षेप रास्त आहे. मॅजिकार्पही आपोआप मोठा होत नाही. पण खेळात त्याला वाढवण्याची जुनी रीत पाहण्यासारखी आहे. झुंजीत आधी त्याला पुढे करायचे, मग लगेच मागे घेऊन एखाद्या बलवान सोबत्याला उतरवायचे. लढतो सोबती, पण अनुभव दोघांत वाटला जातो. दुबळा वाढतो तो दुसऱ्याने त्याच्यासाठी झुंज अंगावर घेतली म्हणून. शिवाय रूपांतर सुरू झाल्यावर खेळाडूला बटण दाबून ते थांबवताही येते. आत्ता नको, असे म्हणण्याची सोय तेथे आहे. आपल्या घरी ती आहे का? अकरावीला विज्ञान झेपत नाही असे मुलीने सांगितले, तर ते ऐकून घेणारे कोणी आहे का?

आधार देणे आणि जबरदस्ती करणे यांत फरक करणे नेहमी सोपे नसते. एक कसोटी मात्र वापरता येईल. मुलाला अपयश आले त्या संध्याकाळी घरातले वागणे बदलते का? जेवायला तीच हाक येते का? ती येत असेल, तर दिवसा केलेला अभ्यासाचा आग्रह मुलाला जाचत नाही. ती येत नसेल, तर आपले प्रेम ग्याराडोसवर होते, हे मुलाला तेव्हाच कळते.

स्नानसंस्काराच्या वेळी आपण बाळाला हातांत घेऊन उभे राहिलो, तेव्हा त्याने काहीही मिळवलेले नव्हते. त्याला धड मानही सावरता येत नव्हती. तरी सर्व नातेवाईक जमले, नाव ठेवले गेले, गोडधोड वाटले गेले. त्या दिवशी त्याची जी किंमत होती, तीच दहावीच्या निकालाच्या दिवशीही आहे. एक टक्का वाढत नाही, एक टक्का घटत नाही.

निकालाचे दिवस दरवर्षी येतात. त्या आठवड्यात शेजारच्या मुलाला टक्के विचारण्याआधी, तो जेवला का, हे विचारू या. एखादे मूल गप्प गप्प राहत असेल तर त्याच्याजवळ बसू या. गरज वाटली तर शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक लावू या. आणि घरातला छोटा मोबाइल पुढे करून आपला मॅजिकार्प दाखवू लागला, तर ‘हा मोठा कधी होणार?’ असे लगेच न विचारता त्या माशाकडे क्षणभर नीट पाहू या.