लोणार: पायी पाहायचे सरोवर
सुलतानपूरजवळचे लोणार सरोवर होडीतून नव्हे, तर पायी पाहायचे. काळ्या बसाल्ट खडकावर उल्का आदळून सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर तयार झाले. त्याच्या कडेवरून दाट झाडीतली वाट खाली उतरते. काठाशी कमळजा देवीचे देऊळ आहे. उतारावरच्या धारेचे पाणी गोडे, पण सरोवराचे खारट आणि तीव्र अल्कधर्मी. अशा पाण्यातही सूक्ष्मजीव विपुल वाढतात, हेच लोणारचे खरे नवल! जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले, ते क्षारप्रिय सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत आढळले. त्याच वर्षी सरोवराला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. तो फार आधीच मिळायला हवा होता.