रक्ताचे शब्द, शेजाराचे शब्द

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला आणि व्यासपीठांवर व्युत्पत्तीला ऊत आला. दोन भाषांतले दोन शब्द शेजारी ठेवायचे, उच्चार जुळला की दोन समाजांचे मूळ एकच असल्याचे जाहीर करायचे. ही रीत उथळ तर आहेच, पण मला ती घातकही वाटते.

सातारा-सांगलीतला एकच शब्द घेऊ: अण्णा. रयत शिक्षण संस्थेचे भाऊराव पाटील म्हणजे कर्मवीर अण्णा. वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी. वाटेगावचे तुकाराम साठे, जे अण्णा भाऊ म्हणूनच ओळखले गेले. हा शब्द आपण कन्नडकडून घेतला, तिथे तो थोरल्या भावाचा. तमिळ-तेलुगूतही त्याची भावंडे आहेत. तुर्कीत ‘आन्ने’ म्हणजे आई. युरोपातली ‘आन्ना’ मूळची हिब्रू ‘हन्ना’, अर्थ कृपा. कानाला एक, उगमाने तीन. ‘अण्णा’त ‘अन्न’ शोधणाऱ्यांसाठी शब्द खर्ची घालत नाही.

पण ‘इतके साम्य योगायोगाने कसे येईल?’ हा प्रश्न पाठ सोडत नाही, म्हणून त्याला पुरते उत्तर द्यायला हवे. योगायोगानेच येते, आणि नात्याच्या शब्दांत तर हमखास येते. मूल जगात कुठेही बोलू लागले की म, न, प, त आणि ‘अ’ यांच्याशीच आधी खेळते, आणि मोठी माणसे त्या बोबड्या आवाजांना आपापले अर्थ चिकटवतात. भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोबसनने १९६० साली हे नीट मांडले. जॉर्जियन भाषेत ‘मामा’ म्हणजे बाप! अर्थही जुळला तर? तरीही नाते ठरत नाही. फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ यांचा अर्थ एक, उच्चार जवळजवळ एक, आणि संबंध काडीचाही नाही.

उलट खरे नाते कानाला सहसा कळत नाही. आपला ‘भाऊ’ संस्कृत ‘भ्रातृ’चा, फारसी ‘बिरादर’ आणि इंग्रजी ‘ब्रदर’ त्याच कुळातले. आपली ‘भुवई’ संस्कृत ‘भ्रू’ची, फारसी ‘अब्रू’, इंग्रजी ‘ब्राउ’. संस्कृतात जिथे ‘भ’, तिथे त्या दोघींत ‘ब’, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. नियमाने पडणारा फरक हा नात्याचा पुरावा असतो, जुळणारा आवाज नव्हे.

म्हणून माझ्या लेखी रक्ताचे शब्द वेगळे आणि शेजाराचे वेगळे. ‘अण्णा भाऊ’ या नावातला दुसरा शब्द रक्ताचा, पहिला शेजाराचा. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातल्या ४० गावांवर हक्क सांगितला. अशा वादात शेजाराचे शब्द रक्ताची साक्ष द्यायला उभे केले जातात, आणि मग आपल्याकडचे लोक ते ऋणच नाकारू लागतात. दोघेही चुकतात. कन्नड संशोधक शं. बा. जोशींनी मराठी मुलखातला कन्नडचा थर दाखवला, तो मला बहुतांशी मान्य आहे. पण शब्द म्हणजे सातबारा नव्हे.

शेजार म्हणजे काही कमी नव्हे. मीठ-मिरचीचा शब्द बाजारातून येतो; थोरल्या भावाला मारायची हाक यायला एका चुलीपाशी दोन भाषा बोलल्या जाव्या लागतात. आणि घेतलेला शब्द इथे नव्याने जगतो. भाऊरावांचे घराणे मूळचे मूडबिद्रीचे. पण १९२४ साली साताऱ्यात सुरू झालेल्या वसतिगृहात नाना जातींची मुले त्यांना ‘अण्णा’ म्हणत, तेव्हा ती थोरल्या भावाला नव्हे, वडिलांच्या जागी असलेल्या माणसाला हाक मारत होती. आमच्या भागातल्या कितीतरी घरांत आजही वडीलच अण्णा असतात. हा अर्थ इथे घडला.

जत तालुक्यात आजही घरात कन्नड आणि बाजारात मराठी बोलणारी कुटुंबे आहेत. कोण कोणाला कोणत्या शब्दाने हाक मारते, हे तिथल्या शिक्षकांनी आणि आपल्या विद्यापीठांनी गावोगाव जाऊन लिहून घ्यावे, आणि ते सीमावादाच्या कामासाठी नसावे.