तारवावरील भूत

वाचावयाचा भाग : मत्तय 14:22–33

धारणीकडील मंडळ्यांत समुद्र पाहिलेले लोक विरळाच. तापी आणि सिपना यांचे पूर आपण पाहतों, तेवढेंच. तथापि ज्या भयाविषयीं आम्ही लिहीत आहों तें समुद्रावर व मेळघाटाच्या रानांत सारखेंच आहे.

शिडाच्या जहाजांवरील खलाशांत एका डच जहाजाची कथा फार चाले. भर तुफानांत, ‘न्यायाचा दिवस उजाडला तरी बेहत्तर, पण आफ्रिकेच्या टोंकास वळसा घालीनच,’ अशी शपथ त्याच्या कप्तानानें वाहिली. म्हणून तें जहाज सर्वकाळ भटकत आहे, आणि ज्यास दिसेल त्याचा घात होतो, असें ते सांगत. 1881 सालच्या जुलैच्या 11 व्या तारखेस, पहांटे चार वाजतां, ऑस्ट्रेलियाजवळ एका इंग्रजी आरमारी जहाजावरील तेरा जणांनीं तें पाहिल्याची नोंद आहे. विलक्षण तांबडा उजेड, त्यांत डोलकाठ्या व शिडें स्पष्ट. पुढें जाऊन पाहावें तों कांहींच नाहीं! रात्र निरभ्र, समुद्र शांत. हा वृत्तांत 1886 सालीं दोघां राजपुत्रांच्या नांवानें छापला गेला. त्यांतील धाकटे पुढें पंचम जॉर्ज बादशहा झाले. त्यांच्याच 1911 सालच्या आगमनाचें स्मारक म्हणून मुंबईस गेट वे ऑफ इंडिया उभें आहे. तेव्हां भूत अडाण्यांसच दिसतें असें कोणीं म्हणूं नये.

ज्या खलाशानें तें प्रथम पाहिलें तो त्याच सकाळीं डोलकाठीवरून पडून मेला. खलाशांस याहून मोठा पुरावा कोणता हवा? परंतु उंच काठ्यांवर चढणारे लोक त्या काळीं पडून मरतच असत. भूत न पाहतां जे मेले त्यांची गणती कोणीं केली? शिवाय पाण्यालगत थंड हवा व तिजवर उष्ण हवेचा थर असला म्हणजे प्रकाश वांकतो, आणि क्षितिजापलीकडील जहाज हवेंत उचललेलें, कधीं उलटेंही, दिसतें. वैशाखांतील मृगजळाचें हें भावंडच. तेथें तापलेली हवा खालीं असते, येथें वर.

शिष्यांसही तें रात्रीच्या चवथ्या प्रहरींच दिसलें. वारा समोरचा, रात्रभर वल्हीं मारून बाहु गळालेले. त्यांत कित्येक जातीचे मासे धरणारे, तें सरोवर त्यांच्या पायाखालचें. तरी जो त्यांस सोडवावयास येत होता त्यालाच त्यांनीं भूत ठरविलें! प्रभूनें आधीं आपला आवाज ऐकविला. आणि पेत्रानें केलें तें आम्हांस फार आवडतें : भ्यालेला असतांही त्यानें त्या आकृतीस उलट विचारून पाहिलें.

आपल्या पाड्यांवर लेंकरूं तापानें फणफणतें, पोट फुगतें, आणि घरांतील वडील म्हणतात, ‘बाहेरचें लागलें.’ मग भुमकाकडे धांव, आणि कोंवळ्या पोटावर तापलेल्या विळ्याचा डंबा. दवाखान्यांतून परिचारिका आली तर कोठें कोठें तिच्यापासूनच लेंकरूं लपवितात. उपदेशक बंधूंनो, त्या मातेस हंसूं नका. तीही रात्रभर वल्हें मारीत बसली आहे. तिजजवळ बसा, तापाचे दिवस विचारा, आणि लेंकरूं उचलून तिच्यासह धारणीच्या रुग्णालयाची वाट धरा. मात्र अंधारांत तिच्या दारीं जाल तेव्हां उंबरठ्याबाहेरूनच आपलें नांव सांगा.