आजचं चिंतन : कूडारै, आणि एक राहिलेला नवस



मार्गळी महिन्यात आपण रोज तिरुप्पावैचं एक पाशुरम घेतोय. आज सत्ताविसावं. तमिळनाडूत या दिवसाला कूडारवल्ली म्हणतात, बरेच जण नुसतं 'कूडारै'. साधारण ११ जानेवारीला येतो. आज वैष्णव घरांत पहाटे एकच वास असतो : आटणारं दूध, गूळ, तूप आणि चिमूटभर पच्चै कर्पूरम, म्हणजे खायचा कापूर. पदार्थाचं नाव अक्कारवडिसल. अक्कारम म्हणजे गूळ-साखर, अडिसिल म्हणजे शिजवलेलं अन्न, भात. 'गुळाचा भात' एवढंच खरं तर. पण लग्नानंतर पहिल्यांदा खाल्ला तेव्हा मी बायकोच्या आजीला म्हणालो, "आमच्याकडेही गूळभात करतात." पाट्टींनी (तमिळमध्ये आजीला पाट्टी) माझ्याकडे असं पाहिलं की तो शब्द मी पुन्हा काढला नाही.

आधी पाशुरम. दुसऱ्या पाशुरात आंडाळ आणि तिच्या मैत्रिणी व्रत धरतात. तूप खाणार नाही, दूध पिणार नाही, डोळ्यांत काजळ नाही, केसांत फूल नाही. पंचवीस दिवस गेले की सत्ताविसाव्यात ते व्रत सुटतं. आता त्या गोविंदाकडे मागतात : हातात कंकणं, कानांत भूषणं, पायांत पैंजण, नवी वस्त्रं. आणि मग दूधभात. त्यावर तूप इतकं की खाली भात आहे हे दिसू नये, घास उचलला की तूप कोपरापर्यंत ओघळावं. पण मागणं तिथं थांबत नाही. हे सगळं एकत्र बसून, मन निववून खायचंय, हे शेवटचं मागणं आहे.

पाशुराचा पहिला शब्द 'कूडारै'. कूडार म्हणजे जे जुळत नाहीत, एकत्र येत नाहीत ते. गोविंद अशांना जिंकणारा आहे, अशी सुरुवात. आणि शेवट 'कूडि'वर, म्हणजे एकत्र येऊन. परंपरेत याला जोडून एक फार गोड गोष्ट सांगतात : जे जुळत नाहीत त्यांना तो जिंकतो, आणि जे जुळले त्यांच्यापुढे तो स्वतः हरतो. मी ऐकलं तेव्हा वाटलं, न जुळणारे म्हणजे कंस, शिशुपाल वगैरे मंडळी. आपला काय संबंध?

एक बारकावा. तिरुप्पावैत शब्द 'दूधभात' असा आहे, अक्कारवडिसल नाही. अक्कारवडिसल येतं आंडाळच्याच दुसऱ्या रचनेत, नाच्चियार तिरुमोळीत. तिथं ती मदुरैजवळच्या तिरुमालिरुंचोलैच्या देवाला (आजचं अळगर कोविल) सांगते : शंभर हंडे लोणी आणि शंभर हंडे अक्कारवडिसल तुला मी वाचेनं अर्पण केलंय, तू येऊन घेशील का? पुढच्याच पदात म्हणते की आज येऊन खाल्लंस तर एकाचे लाख करून देईन, वर तुझी सेवाही करीन. स्वयंपाकघरानं पुढं ही दोन्ही अन्नं एकाच पातेल्यात आणली, आणि कूडारैला अक्कारवडिसल हे ठरून गेलं.

वाचेनं अर्पण केलं. म्हणजे दोनशे हंडे कुठंच नव्हते. श्रीविल्लिपुत्तूरच्या फुलबागेतल्या पेरियाळ्वारांची ही मुलगी, तिच्याकडं कुठून असणार? तिच्याकडं शब्द होता. तो दिला, आणि ती श्रीरंगमच्या रंगनाथात विलीन झाली. हंडे राहिले.

आंडाळचा काळ अभ्यासक साधारण आठवं-नववं शतक धरतात. रामानुजाचार्यांचा जन्म परंपरेनं १०१७ चा. म्हणजे मध्ये किमान शे-दोनशे वर्षं. एवढ्या काळात ती पदं किती जणांनी गायली असतील. रामानुजांनाच वाटलं की हा नवस अजून बाकी आहे. ते अळगर कोविलला गेले, शंभर हंडे लोणी आणि शंभर हंडे अक्कारवडिसल अर्पण केलं, मग श्रीविल्लिपुत्तूरला आले. तिथं आंडाळ गाभाऱ्यातून पुढं आली आणि तिनं हाक मारली, "अण्णा!" अशी कथा आहे. आपल्याकडेही थोरल्या भावाला अण्णाच म्हणतात, त्यामुळे मला हे भाषांतर करून सांगावं लागत नाही. शतकं आधी जन्मलेली ती धाकटी बहीण झाली, कारण बहिणीचं राहिलेलं काम भावानं केलं.

इथपर्यंत लिहायला सोपं होतं.

आमची लेक दोन महिने आधी जन्मली, मदुरैत, माझ्या सासुरवाडीला. तेवीस दिवस काचेच्या पेटीत. माझा तळहात तिच्या पाठीपेक्षा मोठा होता. त्या दिवसांत पाट्टी एका सकाळी अळगर डोंगराच्या दिशेला तोंड करून बसल्या आणि मोठ्यानं बोलल्या. बायकोनं मला अर्थ सांगितला : पोर घरी आली तर कूडारैला तिला, तिच्या आईबापाला घेऊन तुझ्या दारात येईन, अक्कारवडिसल देईन. डोंगर घरातून दिसत नव्हता. समोर शेजाऱ्यांची पाण्याची टाकी होती.

पोर घरी आली.

सासरच्या घरापासून अळगर कोविल एकवीस-बावीस किलोमीटर. गाडीनं तास लागत नाही. मी चेन्नईत नोकरीला. पहिल्या जानेवारीत लेक पाच महिन्यांची, डॉक्टर प्रवासाला नको म्हणाले, ते ठीक. दुसऱ्या जानेवारीत रिलीज होती. आम्हाला सुट्टी पोंगलची, म्हणजे १४ तारखेपासून. कूडारै ११ ला. मी १३ च्या रात्री मदुरैला पोचायचो, दोन दिवस उशिरा. तिसऱ्या जानेवारीतही तसंच. दोन दिवसांची रजा टाकली असती तर कुणी नोकरीवरून काढलं नसतं. सर्व्हर माझ्यावाचून पडले नसते. हे तेव्हाही माहीत होतं.

"अडुत्त वरुषम, पाट्टी." पुढच्या वर्षी. मला नीट उच्चारता येणारं बहुधा पहिलं तमिळ वाक्य हेच. त्या म्हणायच्या, "परवाइल्लै." असू दे.

कुणी विचारेल, त्या अम्मांबरोबर (माझ्या सासूबाई) जाऊन का नाही आल्या? मीही विचारलं होतं. त्या म्हणाल्या, तसं बोलले नाहीये मी. पोर आणि तिचे आईबाप असं बोललेय. एकत्र. तेव्हा मला तो हट्ट वाटला. आता पाशुराची शेवटची ओळ वाचतो तेव्हा तो हट्ट वाटत नाही, आणि न जुळणारे म्हणजे कोण हेही कळतं. त्यासाठी कंस असावं लागत नाही. कॅलेंडर पुरतं.

तिसऱ्या वर्षी पुरट्टासी महिन्यात पाट्टी गेल्या. झोपेत. त्यानंतर वर्षभर घरात सण नाहीत, म्हणून चौथी जानेवारीही गेली.

गेल्या वर्षी मी १० तारखेलाच मदुरैला पोचलो. पहाटे चारला अम्मांनी उठवलं. अंघोळ करून वेष्टी नेसून स्वयंपाकघरात गेलो तर म्हणाल्या, "नवस तुझ्या लेकीचा. तूच ढवळ."

हे सांगायला हवं की लग्नानंतर पहिली दोन वर्षं मला त्या स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू देत नव्हते. सोवळं कडक. मी मराठी, वर कांदा-लसूण खाणारा. मला ते लागलं होतं, खोटं कशाला बोलू. उंबऱ्याबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून मी पाट्टींना वेण्कल पानैत, म्हणजे काशाच्या भांड्यात, ढवळताना बघायचो. लेक घरी आली त्या दिवशी पाट्टींनीच आतून हाक मारली, "वांगो माप्पिळ्ळै," या जावईबापू. कारण विचारलं नाही, त्यांनी दिलंही नाही.

तर कृती. तांदूळ आणि मूठभर मूगडाळ तुपावर जराशी परतायची, वास सुटेपर्यंतच. मग दूध, तांदळाच्या आठ-दहा पट. मंद आच. तांदूळ दुधातच शिजायचा आणि दूध भातात आटायचं, म्हणजे तासाभराहून जास्त ढवळणं. दाणा बोटानं चेपला की लोणी झाला पाहिजे, कारण गूळ पडल्यावर तो पुढं मऊ होत नाही. गूळ वेगळा विरघळवून गाळून, किंचित निवल्यावर घालायचा. मग तूप, घाबरायचं नाही. तुपात परतलेले काजू-बेदाणे, वेलची, दुधात खललेलं केशर, आणि पच्चै कर्पूरम मोहरीएवढा. जास्त झाला तर सगळा भात देव्हाऱ्यासारखा लागतो.

मी गरम गुळाचं पाणी उकळत्या दुधात ओतलं. दूध फाटलं. तीन लिटर. अम्मा काहीच बोलल्या नाहीत, दुसरं दूध काढून दिलं. पुन्हा पहिल्यापासून.

अय्यंगार घरात देवासाठी होणाऱ्या स्वयंपाकाला 'तळिगै' म्हणतात, आणि तो दाखवेपर्यंत चाखायचा नसतो. गूळ पुरला की नाही, कळायला मार्ग नाही. आमच्या धंद्यात याला टेस्टिंग न करता थेट प्रॉडक्शनवर टाकणं म्हणतात आणि त्यावरून माणसाला बोलणी बसतात. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंत म्हणतात की यज्ञाचं उरलेलं खाणारे पापातून सुटतात, आणि जे फक्त स्वतःसाठी शिजवतात ते पापच खातात. मी तो श्लोक कैक वेळा वाचलाय, इथं लिहिलाही आहे. पण 'चाखायचं नाही' म्हणजे काय, ते हात दुखत असताना, वास नाकात भरलेला असताना कळलं. पहिला घास कुणाचा, हे ठरलेलं असलं की आपण भातावर लक्ष ठेवतो, स्वतःवर नाही.

घरच्या शाळिग्रामाला दाखवून आम्ही अळगर कोविलला गेलो. बाहेरचं शिजवलेलं तिथं चालत नाही, देवाचं अन्न देवळाच्या मडप्पळ्ळीतच होतं. त्यामुळे कचेरीत पैसे भरले, पावती घेतली. (तिथला एरवीचा प्रसाद जाड डोसा असतो, मिरी-सुंठ घातलेला, तुपात तळलेला. जाल तर सोडू नका.) गर्दी खूप होती. सुंदरराजाचं दर्शन पाच-सहा सेकंद झालं असेल. लेक माझ्या खांद्यावर होती आणि तिला फक्त माकडं बघायची होती.

मी काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो. पाट्टींचा शब्द पुरा झाला, असं काहीतरी. ते तोंडातून आलं नाही. रामानुज उशिरा आले त्यात त्यांचा दोष नव्हता, ते जन्मालाच नंतर आले. मी तर तिथंच होतो. ज्याच्यामुळं नवस राहिला त्यानंच तो फेडला, तर त्याला कुणी अण्णा म्हणत नाही. म्हणूही नये. ही कथा मी आधी दोनदा लिहिली होती, दोन्ही वेळा रामानुजांच्या बाजूनं, जणू मी त्यांच्या रांगेत उभा आहे. यंदा आंडाळच्या बाजूनं वाचली. तिनं हंडे नसताना शब्द दिला आणि मग कुणाच्या मागं लागली नाही. पाट्टींच्या 'परवाइल्लै'मध्येही टोमणा नव्हता. मी खूप शोधला, कारण टोमणा सापडला असता तर मला बरं वाटलं असतं.

घरी परतलो तेव्हा दोन वाजले होते. जमिनीवर केळीची पानं मांडली, सगळे ओळीनं बसलो. लेकीनं हातानं खाल्लं आणि तूप खरंच कोपरापर्यंत गेलं, मग फ्रॉकवर. बायको रडत होती आणि खात होती. अम्मांनी एक घास घेतला, थोडा वेळ काही बोलल्या नाहीत.

"गूळ कमी पडला," त्या म्हणाल्या. "अडुत्त वरुषम बघू."

हे मी मदुरैतच बसून लिहितोय, काल आलो. साडेतीन वाजलेत, दूध येऊन पडलंय. गूळ पाव किलो जास्त आणलाय.