दिवा, भांडे, जाते : घरातल्या वस्तूंचा ख्रिस्ती बोध

ख्रिस्ती अध्यात्मात घरातल्या वस्तूंना जे स्थान आहे ते थेट येशूच्या शिकवणीतून आलेले आहे. देवाच्या राज्याविषयी बोलताना त्याने दिवा, मीठ, पिठातले खमीर, हरवलेले नाणे, जुन्या वस्त्राला लावलेले ठिगळ अशा गोष्टी घेतल्या. गालीलातल्या गरीब घरात या गोष्टी रोज हाताखालून जात. एका खोलीच्या घरात दिवठणीवर ठेवलेली एक पणती सगळ्यांना पुरते, हे मत्तयाच्या पाचव्या अध्यायातले विधान म्हणजे त्या घरांचे सरळ वर्णनच आहे. म्हणून अशा दृष्टान्ताचा बोध शोधताना त्या वस्तूचे घरातले काम काय होते, हे आधी पाहावे लागते. काम नीट कळले नाही तर बोधही वरवरचा राहतो.

लूकच्या पंधराव्या अध्यायात एका बाईच्या दहा नाण्यांपैकी एक हरवते. ते नाणे म्हणजे साधारण एका दिवसाची मजुरी. ती दिवा लावते आणि घर झाडू लागते. गुहागरकडच्या जुन्या कौलारू घरात वावरलेल्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. माजघरात भर दुपारीही अंधार असतो, आणि शेणाने सारवलेल्या जमिनीच्या भेगेत पडलेली वस्तू दिवा व केरसुणी घेतल्याशिवाय सापडत नाही. या दृष्टान्तावरून बहुतेक वेळा पश्चात्तापाचा उपदेश केला जातो, पण नाण्याला पश्चात्ताप करता येत नाही. ते पडल्या जागी पडून राहते आणि सगळी धडपड बाईची असते. येशूने इथे देवाची जागा केरसुणी हातात घेतलेल्या गृहिणीला दिली आहे. नाणे सापडल्यावर ती शेजारणींना बोलावून आनंद करते. हरवलेल्याची किंमत शोधणाऱ्याच्या कष्टातून कळावी, हा या गोष्टीचा गाभा आहे. उपदेशकांनी तो फार वेळा दुर्लक्षिला आहे.

खमिराच्या दृष्टान्तातली बाई तीन मापे पीठ मळते. हे पीठ सुमारे 40 लिटर भरते. त्याच्या भाकरी शंभराहून अधिक माणसांना पुरतील. एवढे पीठ कोणी आपल्या घरापुरते भिजवत नाही, तेव्हा देवाच्या राज्याच्या पंगतीला किती जण बसणार, हे मापातच सांगितले आहे. आंबोळीचे पीठ रात्री आंबत ठेवणाऱ्या घराला दुसरी गोष्टही ठाऊक असते : हे काम झाकणाखाली आणि आपल्या वेळेने होते.

शुद्ध-अशुद्धाचा खरा वाद भांड्यांपाशी सुरू होतो. लेवीय या पुस्तकात मातीच्या आणि धातूच्या भांड्यांना वेगळे नियम आहेत. मातीच्या भांड्यात अशुद्ध काही पडले तर ते फोडून टाकायचे. पापार्पणाचे मांस शिजवलेले पितळी भांडे मात्र घासून विसळले की पुरे. कोकणातल्या सोवळ्याचा नियम याहून फारसा वेगळा नव्हता. मातीचे मडके विटाळले तर टाकून द्यायचे, तांब्यापितळेचे चिंच किंवा राख लावून घासले की चालायचे. दगडाला विटाळ लागत नाही, असे यहुदी परंपरा मानत असे. योहानाच्या दुसऱ्या अध्यायात काना गावच्या लग्नघरी शुद्धीकरणाच्या पाण्याचे सहा रांजण दगडाचे होते, त्यामागचे कारण हेच. येशूने द्राक्षारस केला तो याच रांजणांतल्या पाण्याचा. मार्कच्या सातव्या अध्यायात तो प्याले आणि हंडे धुण्याच्या रूढीवरून परूश्यांशी वाद घालतो आणि माणसाला विटाळवणारे काय ते अंतःकरणातून निघते, असे सांगतो. पुढे करिंथकरांना लिहिताना पौलाने देवाचे धन मातीच्या भांड्यांत ठेवल्याचे म्हटले. स्वस्त आणि ठिसूळ एवढाच त्याचा अर्थ सहसा घेतला जातो. पण विटाळले तर जे परत शुद्ध करता येत नाही, तेच हे भांडे, हे लक्षात घेतले की विधानाची धार कळते.

महाराष्ट्रात विटाळाचा हा प्रश्न पुस्तकी राहिला नाही. नारायण वामन टिळक यांचा जन्म 1861 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा, चित्पावन घरातला. 1895 मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही काळ त्यांच्यापासून दूर राहिल्या आणि एकत्र आल्यावरही त्यांनी आपली चूल व पाणी वेगळे ठेवले. 1900 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण त्याआधी त्यांच्या मनातले सोवळे-ओवळे सुटले होते. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी हा प्रवास मांडला आहे. देवाने जात केलेली नाही, या विचाराची परीक्षा तिथे एखाद्या धर्मचर्चेत होत नाही. ती दुसऱ्याच्या हातचे पाणी पिण्यात होते. घरातल्या वस्तूतून मिळालेल्या ख्रिस्ती बोधाचे मराठीत याहून मोलाचे उदाहरण सापडणे कठीण. लक्ष्मीबाईंच्या कवितासंग्रहाचे नावही घरातल्याच वस्तूचे आहे : ‘भरली घागर’.

लक्ष्मीबाईंच्या बाप्तिस्म्याआधी जवळजवळ तीन शतके, 1616 मध्ये, गोव्यातील राचोल येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. येशूचे चरित्र सांगायला त्यांनी ओवी निवडली. याच नावाचे गाणे मराठी बायका पहाटे जात्यावर म्हणत असत.

जात्याचा उल्लेख बायबलात अनेकदा येतो. मत्तयात दोन बाया मिळून दळतात, कारण मोठे जाते ओढायला दोघी लागत. वस्तूंतून बोध शोधण्याच्या या पद्धतीची मर्यादाही जात्यावरून कळते. वरची तळी म्हणजे अमुक, खुंटा म्हणजे तमुक, असे जोडत गेले तर कोणत्याही वस्तूतून कोणताही अर्थ काढता येतो. बायबलातल्या अनुवाद या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात मात्र जात्याविषयी सरळ नियम आहे : जाते किंवा त्याची वरची तळी गहाण ठेवून घेऊ नये, कारण तसे करणे म्हणजे माणसाचा जीवच गहाण ठेवून घेणे. रोजचे पीठ जात्याशिवाय होत नसे, म्हणून ते नेणे म्हणजे घराच्या तोंडचा घास नेणे.

गुहागरच्या घरात आज पीठ गिरणीतून येते. नियमाचे कारण मात्र जात्यापुरते नव्हते. घर ज्यावर जेवते ती वस्तू आता कुठे शिवणयंत्र असेल, कुठे मासेमारीची जाळी, कुठे रिक्षा. हप्ता थकल्यावर कर्ज देणाऱ्याने यांतले काय उचलून न्यावे आणि काय त्या घरात राहू द्यावे, हा प्रश्न अनुवादातल्या त्याच एका ओळीच्या कक्षेत येतो.