‘पडका’ किल्ला आणि कर्त्याचा प्रश्न

बिद्रीवरून गारगोटीच्या वाटेने भुदरगडाला जाणारा प्रवासी तेथील तटबंदीचे अवशेष पाहून सहज ‘पडका किल्ला’ असे म्हणतो. विशेषण निरुपद्रवी वाटते. परंतु मराठीत ‘पडणे’ आणि ‘पाडणे’ यांत एका कर्त्याचे अंतर आहे, आणि भुदरगडाच्या बाबतीत इतिहास दुसऱ्या क्रियापदाच्या बाजूचा आहे. गडकऱ्यांच्या जमिनी मामलेदारांच्या कारभाराखाली आणण्याच्या निर्णयातून १८४४ साली सामानगड व भुदरगड येथील शिबंदीने उठाव केला. कंपनीच्या फौजांनी त्याच वर्षी तो मोडून काढला आणि गडांची तटबंदी पाडण्यात आली. ‘पडका’ हा शब्द या कृतीतून कर्ता वगळतो. मग उरतो केवळ काळ, आणि काळाला जाब विचारण्याची प्रथा नाही.

भग्नावशेषांपुढे दाटून येणारी हुरहूर ही नैतिक भावना आहे की निव्वळ सौंदर्यास्वाद, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. अठराव्या शतकातील युरोपात धनिकांनी आपल्या बागांतून मुद्दाम कृत्रिम भग्नावशेष उभारले, ही गोष्ट या संदर्भात बोलकी आहे. ज्या विध्वंसात कोणाचेच काही गेले नाही, त्याच्यापुढेही माणसाला तितकेच हळवे होता येते. म्हणजे ही हुरहूर जबाबदारीच्या जाणिवेची खूण मानता येत नाही.

कर्ता शोधण्याची मागणी मराठी वाचकाला भुदरगडावर जड जात नाही, कारण तेथे कर्ता परका आहे. खरी कसोटी लागते ती वसईला. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांच्या हाती आली आणि पुढे दोन शतके तेथे तटबंदीच्या आत एक नगर नांदले: चर्च, मठ, हवेल्या, रस्ते. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेपुढे ते शरण आले. या प्रसंगी आपले क्रियापद बदलते. वसई ‘जिंकली’ जाते. तिचे नगरपण कोणी संपविले, हे विचारले जात नाही. अर्थात, विध्वंसाची ही साखळी १७३९ मध्ये सुरू झाली नाही. त्याच प्रदेशात पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडली होती. १७८० मध्ये इंग्रजांनी वसईला वेढा घातला तेव्हा तोफांचा मारा पुन्हा त्याच तटावर झाला. एकाच भिंतीला असे अनेक कर्ते असू शकतात, आणि प्रत्येक जण आपल्या सोयीचा तेवढा निवडतो.

ही निवड निष्पाप राहत नाही ती एका कारणामुळे. गोन्सालो गार्सिया हे संत वसईत जन्मले. १५९७ मध्ये नागासाकी येथे त्यांना क्रुसावर मारण्यात आले. त्यांना आपले मानणारे वसईचे ख्रिस्ती घरात सामवेदी वा अन्य मराठी बोली बोलतात. छप्पर गेलेल्या त्या चर्चमध्ये उभ्या राहणाऱ्या अशा मराठी भाषकाने ‘आपण वसई जिंकली’ या वाक्यातील ‘आपण’मध्ये कोठे उभे राहावे? मराठीचा अभिमान असा आहे की तिच्यात ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांचा भेद आहे. ऐकणाऱ्याला आत घेणारे आणि बाहेर ठेवणारे असे हे दोन शब्द. विजयाच्या कथनात मात्र आपण ‘आपण’ म्हणतो आणि अर्थ ‘आम्ही’चा घेतो.

यावर आक्षेप येईल की प्रत्येक दगडापुढे उलटतपासणी करीत बसल्यास पाहणेच अशक्य होईल. आक्षेप अगदीच गैरलागू नाही. संध्याकाळच्या उन्हातील कमान सुंदर दिसते, आणि ते नाकारणे हा दांभिकपणा ठरेल. मागणी आहे ती पाहताना वापरलेल्या क्रियापदाकडे लक्ष देण्याची, एवढीच.

वसईच्या मोहिमेनंतर चर्चच्या घंटा देवळांतून लागल्या. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यामागील घाटावर १७०७ सालची एक घंटा आहे. तिच्यावर बाळ येशूसह मेरीची आकृती आहे. दर्शनाला येणारे ती वाजवितात. तिला पडकी म्हणता येत नाही, आणि ‘लागली’ या क्रियापदालाही कर्ता नाही.